कीसनळीचा बिनतारी संच: ठिणगी सोपी, टिचकी अवघड

विज्ञान प्रदर्शनात ‘मार्कोनीचा बिनतारी संच’ हमखास मांडलेला असतो आणि हमखास अर्धाच चालतो. पलीकडच्या टेबलावर लायटर दाबला की इकडे दिवा लागतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि मग दिवा काही केल्या विझत नाही. नाहीतर उलटं होतं: घंटी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नाही. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच. बनवणारा सगळी मेहनत ठिणगी आणि एरियलवर घालतो. नळी पूर्वपदावर आणायचं काम शेवटच्या रात्रीसाठी ठेवतो. या यंत्रात संदेश पकडणं सोपं आहे. पकडलेला सोडून देऊन पुढच्यासाठी तयार होणं, हा खरा कस.

इथला क्रम एका खोलीत, एक-दोन मीटरवर चालणाऱ्या संचासाठी आहे. १८९५ ते १९०० च्या सुमाराच्या यंत्रातले मुख्य अवयव त्यात येतात: ठिणगी, एरियल, कीसनळी म्हणजे कोहिरर, चोक, रिले म्हणजे बारीक प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच, आणि नळीला ठोके देणारा टॅपर. तडजोड एकच. त्या काळी मिलिअँपिअरभर प्रवाहावर हलणारे नाजूक रिले वापरत. तसा रिले आज दुकानात मागून मिळणार नाही, म्हणून साध्या रिलेच्या आधी आपण एक ट्रान्झिस्टर लावणार आहोत. प्रदर्शनात हे लपवू नका. परीक्षक विचारतातच.

## जोडणीआधी एवढं डोक्यात ठेवा

धातूचा कीस नळीत सैल भरला, तर त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, कारण प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. जवळ ठिणगी पडली की एरियलमध्ये अतिवेगाने उलटसुलट होणारा विजेचा दाब (व्होल्टेज) निर्माण होतो, कणांमधले हे थर फुटतात आणि कण एकमेकांना चिकटतात. लाखो ओहमचा रोध क्षणात शे-पाचशे ओहमवर येतो. ठिणगी संपली तरी कण चिकटलेलेच राहतात. टिचकी मारून ते सुटे करावे लागतात.

म्हणजे ही नळी फक्त एक चाप आहे. ती आवाज पकडत नाही, आकाशवाणी पकडत नाही, एका स्टेशनवर ‘लावता’ येत नाही. जवळपासची कुठलीही ठिणगी तिला सारखीच. पंख्याचं बटण असो, ट्यूबलाइट असो की फ्रिज, ती सगळ्यांना दाद देते. हे लक्षात असलं की पुढचे निम्मे घोळ टळतात.

सावधान: ठिणगी मोठी करण्यासाठी मोटारसायकलची इग्निशन कॉइल किंवा इंडक्शन कॉइल जोडू नका, आणि पाठवायच्या बाजूला लांब तार तर अजिबात नको. ठिणगीच्या लहरी एका वारंवारतेत राहत नाहीत, त्या शेजारपाजारच्या सगळ्या यंत्रांत घुसतात. परवान्याशिवाय बिनतारी प्रक्षेपण करणं भारतात बेकायदा आहे. शिवाय त्या कॉइलचा झटका जिवावर बेतू शकतो. स्वयंपाकघरातला लायटर या कामाला पुरतो.

## १. सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत एका फेरीत सगळं मिळतं: १२ व्होल्टचा रिले (कॉइलचा रोध ४०० ओहमच्या आसपास), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, १ एन ४००७ डायोड, १ किलोओहम, १० किलोओहम आणि १०० ओहमचे रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरॅडचे दोन-तीन कपॅसिटर, ४७० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर, आणि थोडी इनॅमलची तांब्याची तार. मल्टिमीटर हवाच.

घंटी मात्र बघून घ्या. ‘टिंग-टाँग’ वाजणारी इलेक्ट्रॉनिक बेल चालणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असते ती जुन्या पद्धतीची, लोहचुंबक आणि थरथरणारा हातोडा असलेली ६ व्होल्टची विद्युतघंटा हवी.

बॅटऱ्या तीन वेगवेगळ्या: नळीसाठी १.५ व्होल्टचा एकच सेल, रिलेसाठी आठ सेलचा १२ व्होल्टचा होल्डर आणि घंटीसाठी चार सेलचा ६ व्होल्टचा. ‘अ‍ॅडॅप्टर आहे की घरात’ म्हणून तो लावू नका. त्यातून घरच्या वायरिंगमधले झटके थेट नळीपर्यंत येतात, आणि मग संच भुताने झपाटल्यासारखा वागतो.

## २. कीस काढणं

इथे घाई केली तर पुढचं काहीच जमत नाही. मार्कोनीच्या नळीत ९५ टक्के निकेल आणि ५ टक्के चांदीचा कीस असे. चांदीमुळे संवेदनशीलता वाढते, पण आपल्याला तिची गरज नाही. शुद्ध निकेल हवं असेल तर वेल्डिंगच्या दुकानात बिडाची वस्तू जोडायचा निकेल रॉड मागा, वरचं फ्लक्सचं आवरण ठोकून काढा आणि आतली सळई वापरा. तो न मिळाल्यास साध्या लोखंडी खिळ्याचा कीसही चालतो, फक्त पावसाळ्यात लवकर गंजतो. अ‍ॅल्युमिनियम टाळा; त्याचा ऑक्साइडचा थर चिवट असतो आणि नळी लहरी होते.

सावधान: जुनी निकेलची नाणी घासायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. नाणं मोडणं किंवा नष्ट करणं हा कायद्याने गुन्हा आहे. तो मार्ग सोडा.

सळई व्हाइसमध्ये धरा. कानस मध्यम दातांची आणि स्वच्छ असावी. आधीच्या कामाचं पितळ किंवा शिसं तिच्या दातांत अडकलं असेल तर तारेच्या ब्रशने काढा. खाली पांढरा कागद पसरा. चिमूटभर कीस जमला की तो जुन्या मलमलीतून चाळा आणि जे खाली पडेल ते फेकून द्या. लोकांची समजूत असते की कीस जितका बारीक तितका चांगला. तसं नाही. पिठासारखी पूड नळीत दाटून बसते आणि टिचकीला सुटत नाही. मलमलीवर राहिलेले, डोळ्यांना वेगळे दिसणारे दाणे आपल्या कामाचे.

कीस बोटांनी उचलू नका. बोटाचं तेल कणांवर बसलं की रोध लाखांवरून खाली यायला तयारच होत नाही. कागदाची पन्हळ करून ओता. हात लागलाच असेल तर स्पिरिटने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा.

## ३. नळी भरणं

औषधाच्या दुकानातल्या काचेच्या ड्रॉपरची नळी किंवा पारदर्शक बॉलपेनचं रिकामं नळकांडं घ्या. आतला व्यास ४ ते ५ मिलिमीटर. त्यात जेमतेम सरकतील असे दोन पितळी बोल्ट दोन्ही टोकांनी घालायचे. बोल्टची समोरासमोर येणारी तोंडं आधी कानशीने सपाट करा, मग बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. बोल्ट सैल वाटला तर त्याच्या दांड्याला टेपचा एक वेढा द्या, पण टेप तोंडाच्या अलीकडेच थांबवा.

दोन तोंडांतलं अंतर १ ते २ मिलिमीटर. मार्कोनीच्या नळीत ते मिलिमीटरपेक्षाही कमी असे, पण घरच्या अवजारांनी तिथवर जायचा हट्ट नको. या फटीत कीस निम्म्यापर्यंतच भरा. नळी आडवी धरून हलवली तर कण मोकळेपणाने घरंगळताना दिसले पाहिजेत.

इथे एक जुनी युक्ती कामाला येते. बोल्टची तोंडं किंचित तिरकी घासली की फट एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद होते. मग आडवी नळी तिच्या अक्षाभोवती फिरवायची: अरुंद बाजू खाली आली की कीस वरपर्यंत चढतो आणि नळी तिखट होते, रुंद बाजू खाली आली की कीस पसरतो आणि ती मवाळ होते. संच जागेवर मांडल्यावर संवेदनशीलता कमी-जास्त करायला एवढा सोपा उपाय दुसरा नाही. तोंडं सपाटच ठेवली असतील तर प्रत्येक वेळी बोल्ट सरकवत बसावं लागतं.

तपासणी: मल्टिमीटर २ मेगाओहमच्या पट्ट्यावर ठेवा. टिचकी मारल्यावर मीटरने निदान काही लाख ओहम किंवा ‘खुलं’ दाखवावं. आता नळीजवळ १० सेंटिमीटरवर लायटर दाबा. आकडा कोसळला पाहिजे. पुन्हा टिचकी, आकडा परत वर. हे सलग दहा वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. टिचकीनंतरही रोध खालीच राहिला तर कीस जास्त किंवा फार बारीक आहे. ठिणगीला दादच मिळत नसेल तर कीस कमी, तेलकट किंवा गंजलेला आहे.

मीटरचा पट्टा खाली आणू नका. मोजणाऱ्या मीटरचा स्वतःचा दाबच कणांना चिकटवू शकतो, आणि मग ठिणगीशिवायच नळी ‘लागली’ असं दिसतं.

## ४. ठिणगी

गॅस पेटवायचा दाबाचा लायटर, ज्यात दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज होतो, तो पिझो जातीचा. तोच घ्या. त्याची धातूची नळी स्वतःच छोट्या एरियलचं काम करते. ठिणगी निळसर आणि ठसठशीत पडायला हवी. टोकाला काजळी जमली असेल तर पुसा. हे सगळं गॅसच्या शेगडीपासून दूर, वेगळ्या खोलीत करा.

## ५. एरियल आणि चोक

नळीच्या दोन्ही बोल्टना सुमारे ५० सेंटिमीटरची एकेक तार जोडा आणि त्या एका रेषेत, विरुद्ध दिशांना ताणून धरा. लायटर या तारांना समांतर धरला तर परिणाम जास्त, आडवा धरला तर कमी. ‘कालपर्यंत चालत होतं, आज नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा लायटर धरायची बदललेली दिशाच असते.

बॅटरीकडे जाणाऱ्या दोन्ही तारांवर चोक लागतो. पेन्सिलीवर इनॅमलच्या तारेचे ३० वेढे घट्ट गुंडाळा आणि पेन्सिल काढून घ्या, झाला चोक. असे दोन. बॅटरीचा सरळ प्रवाह यातून आरामात जातो, पण एरियलमध्ये उठलेली जलद थरथर अडते आणि नळीवरच खर्ची पडते. चोक नसले तर ती थरथर बॅटरीच्या वाटेने निसटते. जागा महत्त्वाची: एरियल बोल्टवर, त्याच्या पलीकडे चोक आणि मग बाकीचं सर्किट. कित्येक जण एरियल चोकच्या पलीकडे जोडतात, म्हणजे चोक असून नसल्यासारखा.

सावधान: एरियल खिडकीबाहेर, गच्चीवर किंवा झाडावर नेऊ नका. रशियात पोपोव्ह या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये अशाच नळीने दूरच्या विजांची नोंद घेतली होती, त्यामुळे वळिवाच्या दिवसांत मोह होतो हे खरं. पण बाहेरची तार वीज घरात आणू शकते.

## ६. रिले, घंटीशिवाय

जोडणीचा क्रम असा: १.५ व्होल्टच्या सेलचं धन टोक, चोक, नळी, दुसरा चोक, १ किलोओहम, ट्रान्झिस्टरचा बेस. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली ठेवले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटरला सेलचं ऋण आणि १२ व्होल्टचं ऋण, दोन्ही जोडा. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहम. कलेक्टर ते १२ व्होल्टचं धन यांच्यामध्ये रिलेची कॉइल, आणि कॉइलला समांतर डायोड, पट्टीचं टोक धनाकडे.

नळीत एकच सेल का? ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली की ठिणगीशिवायच कण चिकटतात. आणि १ किलोओहमचा रेझिस्टर ‘जोर कमी पडतो’ म्हणून काढून टाकला तर प्रवाह वाढून कण घट्ट जुळतात, मग टिचकी कितीही मारा. नळीतून मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही. या जोडणीत तो त्याच्या आतच राहतो.

तपासणी: लायटर दाबला की रिले ‘टक्’ करून ओढला जावा आणि तसाच राहावा. बोटाने नळीला टिचकी मारली की सुटावा. सुटताना लगेच पुन्हा ओढला गेला, तर डायोड लागलेलाच नाही. कॉइल सोडताना उठणारा झटका नळीला ठिणगीसारखाच वाटतो.

## ७. घंटी, पण नळीपासून लांब

आता घंटी आणि तिची ६ व्होल्टची बॅटरी रिलेच्या एरवी उघड्या असणाऱ्या संपर्कांतून जोडा, आणि घंटी हातभर अंतरावर ठेवा. नळीला अजून तिचा स्पर्श नको. लायटर दाबा, घंटी वाजू लागेल. बोटाने टिचकी मारा.

बहुतेकांचा संच इथेच अडतो. टिचकीनंतरही घंटी वाजतच राहते, कारण थरथरणाऱ्या हातोड्याच्या संपर्कावर दर फेरीला एक बारीक ठिणगी पडते. लायटरच्या ठिणगीत आणि हिच्यात नळी भेद करत नाही. यंत्र स्वतःलाच संदेश पाठवत बसतं. मार्कोनीच्या संचात टॅपर आणि रिले यांच्या कॉइलना आणि संपर्कांना समांतर रोध लावलेले असत, ते नेमके याच कारणासाठी.

आपला उपाय: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅड एकामागोमाग जोडून, ही जोडी घंटीच्या थरथरणाऱ्या संपर्काला समांतर लावा. संपर्काला, कॉइलला नव्हे. तशीच दुसरी जोडी रिलेच्या संपर्कांवर. जोडीच्या तारा बोटभरापेक्षा लांब नकोत. फूटभर तार सोडली तर ती तारच एरियल होते. घंटीकडे जाणाऱ्या दोन तारांना पीळ द्या आणि त्या एरियलला समांतर नेऊ नका.

तपासणी: घंटी वाजत असताना बोटाने एकच टिचकी. घंटी थांबली आणि थांबलेलीच राहिली, तर पुढे चला. नाही राहिली तर नळी थोडी फिरवून मवाळ करा आणि पुन्हा बघा. ही पायरी पार न करता घंटी नळीला टेकवलीत, तर दोष ठोक्यात आहे की ठिणगीत, हे नंतर कळायला मार्ग उरत नाही.

## ८. टॅपर

घंटीची वाटी काढून हातोडा नळीला लागेल असं बसवता येईल. मला पोपोव्हची मांडणी जास्त आवडते: हातोडा पुढे जाताना वाटीवर आदळतो आणि परत येताना नळीला टिचकी देतो. आवाज आणि ठोका एकाच हालचालीत होतात, आणि बघणाऱ्यालाही काय चाललंय ते दिसतं.

नळी आडवी, दोन्ही टोकांना रबराच्या तुकड्यांवर टेकवलेली; हातोड्यावर रबरी नळीचा छोटा तुकडा चढवा. ठोका फटीच्या जवळ, खालून किंवा बाजूने आणि हलका. जोरात ठोकलं की कण जास्त सुटे होतील असं वाटतं, प्रत्यक्षात ते दाबून बसतात. कण जागेवर नुसते थरथरले तरी पुरे. हातोडा आणि नळी यांच्यातलं अंतर कागदाच्या घड्या सरकवून जुळवा.

तपासणी: लायटर एकदा दाबला की एक छोटा ‘टर्र’ आणि शांतता. आता लायटर हळूहळू मागे न्या: अर्धा मीटर, एक, दीड. जिथे चुका व्हायला लागतील त्याच्या थोडं अलीकडे थांबा आणि प्रदर्शनात तेवढंच अंतर ठेवा.

## ९. मोर्सचा डॅश

लायटरचा एक दाब म्हणजे एकच ठिणगी, म्हणजे मोर्सच्या लिपीतला डॉट, टिंब. मग डॅश, म्हणजे रेघ, कशी होते? जुन्या संचात चावी दाबून धरली की ठिणग्यांची रांगच सुटे. नळी लागायची, टॅपर तिला सोडवायचा, ती पुन्हा लागायची. कागदावर शाईची रेघ ओढणाऱ्या यंत्राची पट्टी जड असल्यामुळे मधल्या क्षणांत ती खाली पडायला वेळच मिळत नसे, आणि रेघ सलग उमटे. या सगळ्या धडपडीमुळे कोहिररचा वेग मिनिटाला १२ ते १५ शब्दांपलीकडे फारसा जात नसे.

आपल्याकडे तो जडपणा कपॅसिटरने आणता येतो. रिलेच्या कॉइलला समांतर ४७० मायक्रोफॅरॅड लावा, धन टोक धनाकडेच. रिले क्षणभर उशिरा सुटतो आणि लायटरचे भराभर दोन-तीन दाब एका लांब ‘टर्र’मध्ये मिसळतात. हा कपॅसिटर आठवी पायरी नीट चालल्यानंतरच लावा. आधी लावला तर सातव्या पायरीतले दोष तो झाकून टाकतो.

## बिघाड शोधताना

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि नेहमी नळीपासून सुरुवात करा. संच लायटरविना आपोआप वाजत असेल तर खोलीतले पंखे, दिवे बंद करून बघा. तरी वाजला तर नळी फार तिखट आहे, फिरवा. सकाळी चालणारा संच दुपारी मंद झाला तर सेल मोजा. रिलेचे आणि घंटीचे सेल आधी दमतात. आठवडाभराने नळी मुकी झाली तर कीस दमट झालाय. तो बदला. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये नळीची टोकं नेलपॉलिशने बंद करा आणि ती सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा.

टॅपरची कटकट टाळण्यासाठी पाऱ्याचा थेंब वापरणारे, आपोआप पूर्वपदावर येणारे कोहिररही होते. त्यांची वर्णनं वाचून थर्मामीटर फोडायला जाऊ नका. पाऱ्याची वाफ विषारी असते, आणि सांडलेला पारा फरशीच्या भेगांतून निघत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी एकाच कीसाने भरलेल्या दोन नळ्या न्या, दोन्ही आदल्या दिवशी दहा वेळा तपासलेल्या. मांडणी हॉलच्या मेन स्विचपासून आणि शेजारच्या मोटारीच्या मॉडेलपासून दूर मागून घ्या. त्या मोटारीचे ब्रश दिवसभर ठिणग्या टाकत असतात. टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठा सरकवा, कारण कोणी कोपर टेकलं की नळी सुटते आणि डॅश मध्येच तुटतो.